हॉलची किल्ली आणि आत्याचा मलिदा

अन्याय माझ्या आत्यावर झाला. कधी? गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता. कुठे? माळव्यात, धारमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलच्या पायरीवर. कोणी केला? मंडळाच्या सचिवांनी, हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजवत. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाहीये. ते म्हणाले, "काकू, हॉल मराठी लोकांच्या कार्यांसाठी आहे. तुमचं कार्य म्हणजे... जरा बाहेरचं पडतं."

बाहेरचं!

ज्या बाईला हे ऐकवलं ती भाजीवाल्याशी माळवीत भांडते, देवाशी हिब्रूत बोलते आणि खरोखर रागावली की फक्त मराठीत रागावते. धारच्या सरकारी दवाखान्यात तिने सिस्टर म्हणून नोकरी केली. हेच सचिव लहानपणी इंजेक्शनच्या वेळी तिच्या हाताला चावले होते. ती खूण ती अजून दाखवते, कौतुकाने दाखवते. त्या दिवशी मात्र तिने पदर नीट केला, "बरं," म्हणाली आणि पायऱ्या उतरली. मीच मागे राहिले आणि सचिवांना चार शब्द सुनावले. ते इथे लिहीत नाही.

शेवट आधीच सांगून टाकते: आम्ही जिंकलो. कसे जिंकलो हे सांगायला लिहायला बसले आहे, कारण ते माझ्यामुळे झालं असं सगळे म्हणतात आणि ते अर्धंच खरं आहे.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे यहुदी, ज्यू, जो शब्द तोंडात बसेल तो वापरा. आमच्यात सांगतात की फार फार पूर्वी कोकण किनाऱ्याजवळ आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, जे वाचले ते तिथेच राहिले आणि तेल गाळायला लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. ज्या गावात राहिलो त्या गावाचं नाव घेतलं आणि शेवटी 'कर' लावला. आडनाव ऐकून आजवर एकाही मराठी माणसाने मला 'तुम्ही कोण?' असं विचारलेलं नाही. माझे पणजोबा संस्थानाच्या काळात दवाखान्यात कंपाउंडर म्हणून धारला आले, जसे यांचे पणजोबा कारकून, शिलेदार, शिंपी म्हणून आले. एकाच कोकण-देशावरून आलो, एकाच राजाची चाकरी केली. आणि आम्ही बाहेरचे!

मी देवासला राहते. एका छोट्या संघटनेत काम करते, उदयनगरकडच्या पाड्यांवरचे हँडपंप, रेशन, रस्ता असले विषय. पत्रक लिहिणं हा माझा हातखंडा. वर ठळक मथळा, खाली कोणाचं काय चुकलं, शेवटी मागणी. आत्या म्हणते, मी जन्मले तेव्हा रडले नाही, घोषणा दिली.

आता हॉल कशासाठी हवा होता ते सांगते, म्हणजे माझा संताप तुम्हालाही येईल.

मलिदा हे आमचं कार्य. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, सुकामेवा असं सगळं परातीत डोंगरासारखं रचायचं, भोवती केळी, खजूर, सफरचंद, संत्री मांडायची, वर गुलाब आणि सब्जाची पानं. मग एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन गाणी, आणि एकेका जिनसेवर बराखा, म्हणजे आशीर्वचन. झाडाच्या फळावर वेगळं, जमिनीतल्यावर वेगळं, सुवासावर वेगळं. तोवर कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. नवस फिटला, घर घेतलं, लग्न ठरलं की मलिदा. एलियाहू हन्नाबी आमचा संदेष्टा. स्वर्गात जाताना त्याचा रथ कोकणातल्या एका खडकाला टेकून गेला, चाकांच्या खुणा अजून आहेत. आत्याने पाहिल्या आहेत. तुम्ही विश्वास ठेवा, ठेवू नका, तिने पाहिल्या आहेत.

तर, काही वर्षांपूर्वी ह्याच हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. आत्या कुंकू लावत नाही, पण हळदीकुंकवाला जाते. तिळगूळ घेते, गप्पा मारते, वाण आणते. त्या दिवशी एकीने विचारलं, "मुलीचं अजून जमलं नाही का हो?" दुसरीने विचारलं. तिसरीने तर, "तुमच्यात मुलं मिळतच नसतील ना, एवढेसे तर आहात," अशी उत्तराचीही सोय करून दिली. आत्या हसली, वाण पिशवीत ठेवलं आणि तिथेच, मधल्या खांबाला हात लावून मनात नवस बोलली: माझ्या लेकीचं जमू दे, मी इथेच, ह्याच हॉलमध्ये मलिदा मांडीन आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला माझ्या हाताने खाऊ घालीन.

ह्याला म्हणतात नवस. अर्धा देवासाठी, अर्धा बायकांसाठी.

आणि जमलं. माझी आत्येबहीण ठाण्याच्या मुलाला पसंत पडली. खरं तर तो तिला पसंत पडला, त्याला पुष्कळ फेऱ्या माराव्या लागल्या. फाल्गुनात ठाण्याला लग्न ठरलं. ठाण्याच्या नातेवाइकांचा फोन आला: "मलिदा इथेच करू या, हॉल आहे, केटरर आहे, गाणी म्हणणारे आहेत, तुम्ही फक्त या." आत्या म्हणाली, "नवस धारला बोलले आहे. ठाण्याला कसा फिटेल? एलियाहू हन्नाबी काय बदली घेऊन ठाण्याला गेलाय?"

म्हणजे हॉल मिळाला तर नवस फिटणार, नाहीतर नाही. आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी ते किल्लीवाले सचिव म्हणाले, बाहेरचं पडतं.

मी देवासला परत आले आणि पत्रक लिहिलं. मथळा: 'मराठी कोण, हे किल्ली ठरवणार?' खाली आमचं कोकण, पणजोबा, आत्या, सोमवार, साडेअकरा. आणि मागणी: मलिदा हॉलमध्येच झाला पाहिजे. तुळशीच्या लग्नाला मंडळात सगळे जमतात, तेव्हा गठ्ठा घेऊन धारची बस पकडली आणि फाटकात उभी राहिले.

पत्रक अस्सल मराठीत होतं. आणि हीच माझी चूक. गाडी लावून आत येणाऱ्या पहिल्याच पोराने कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "दीदी, सुना दो न पढ़ के. मराठी बोल तो लेते हैं, पढ़नी नी आती." दुसऱ्याने त्या पोराला विचारलं, "भिया, शादी का कार्ड है क्या?" तिसरीने पत्रकाचा फोटो काढून आजीला पाठवला, आजीने फोन केला, "मला चष्मा नाही, तूच वाच." म्हातारी माणसं घरी चष्मा विसरून आलेली, तरुणांना वाचता येत नाही. मराठी मंडळाच्या दारात मराठी पत्रक वाचू शकणारी मी एकटी, ती बाहेरची! मी काय करणार? खुर्ची ओढली, वर चढले आणि मोठ्याने वाचायला लागले.

गावच्या चौकात बोलायची सवय, आवाज आत तुळशीपर्यंत गेला. मंगलाष्टकं थांबली. 'मलिदा' हा शब्द ऐकून मंडळाचे खजिनदार, सत्तर पार केलेले गृहस्थ, धोतर सावरत बाहेर धावत आले. "कोण मलिदा खातंय? कोण म्हणतं? पै पैचा हिशोब चोख आहे माझा!" त्यांना समजावून सांगितलं की आजोबा, हा खायचा मलिदा, म्हणजे खरोखर खायचा, पोह्यांचा. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पोह्यांचा? मग अडचण काय आहे?"

अडचण काय आहे! हा प्रश्न त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणी विचारला. सचिवांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. ते म्हणाले, "कार्यकारिणी ठरवेल."

कार्यकारिणीचा निरोप पौषात आला. सभा शनिवारी, दुपारी चार वाजता, हॉलमध्ये. अर्ज करणाऱ्याने स्वतः हजर राहावे.

मी फोनवरच ओरडले. "आत्या, हा कट आहे! मुद्दाम शनिवार काढला!"

"कट करायला अक्कल लागते गे बाय," आत्या म्हणाली. "त्याला ठाऊकच नाही. इतकी वर्षं शेजारी राहिलाय, पण शनिवारी माझ्याकडे चूल का पेटत नाही हे कधी विचारलं नाही त्याने."

शुक्रवारी सूर्य मावळला की आत्याचा शब्बाथ सुरू होतो. दिवा आधीच लावलेला. मनुकांचं सरबत, भाकर, प्रार्थना. मग शनिवारभर आग नाही, लिहिणं नाही, व्यवहाराचं बोलणं नाही. लाइटचं बटणसुद्धा दाबायचं नाही. आकाशात तीन तारे दिसले की सुट्टी. मी स्वतः हे नीट पाळत नाही, देवासला शनिवारी मोर्चे असतात. पण आत्याच्या घरी गेले की शनिवारचा जो निवांतपणा असतो, तो मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. फोन बंद. काल केलेली भाजी गार, पण चवदार. दुपारी लोळत आत्येबहिणीशी गप्पा. कोणी काही मागत नाही. जगातली पहिली साप्ताहिक सुट्टी आम्ही काढली, हे मी प्रत्येक कामगार मेळाव्यात सांगते आणि टाळ्या घेते.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"करायचं काय? निरोप दे. म्हणावं, सभा माझ्या घरी घ्या. शनिवारी मी व्यवहाराचं बोलत नाही, पण पाहुण्यांना कोणी मनाई केलेली नाही. या, बसा. तारे निघाले की बोलू."

आले. खरंच आले. सचिव, त्यांची बायको आणि खजिनदार आजोबा. खजिनदारांना मलिद्याबद्दल उत्सुकता होती आणि सचिवांच्या बायकोने, नंतर कळलं, घरून निघताना सांगितलं होतं, "मी येणार, तुम्ही एकटे गेलात तर काहीतरी बोलून याल." मीही देवासहून आले होते, भाषण पाठ करून.

पाच वाजले होते. आत्याने शुक्रवारी केलेल्या करंज्या आणि पाणी पुढे ठेवलं. गप्पा दवाखान्याच्या, थंडीच्या, कोणाच्या गुडघ्याच्या. हॉलचं नाव नाही. मग माळव्यात प्रत्येक बैठकीत येतो तो क्षण आला. यजमानीण चहा टाकते, पाहुणे नको नको म्हणतात. पाहुणे तयार होऊन बसले होते, 'नको' म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि चहाच येईना.

खजिनदार हळूच म्हणाले, "वहिनी, आज चहा नाही का?"

"आहे की. तारे निघाले की टाकते."

 पौषातली थंडी, संध्याकाळची वेळ, मराठी कार्यकारिणी, आणि चहा आकाशावर अवलंबून. खोली अंधारायला लागली. सचिवांचा हात बटणाकडे गेला, आत्याकडे पाहून परत आला. शेवटी तेच उठले. "गच्चीवर जाऊ या का? बघू तरी निघाले का."

गच्चीवर सगळे मान वर करून उभे.

"तो बघा एक!" खजिनदार.

"आजोबा, तो मोबाइलचा टॉवर आहे." मी.

"मग तो?"

"ते विमान. हलतंय ना."

"आता हे बरोबर आहे," सचिव हात लांब करून म्हणाले. "त्या टाकीच्या वर. काकू, हा चालेल?"

"चालेल. एक झाला."

"एकावर अर्धा कप?"

"तीन म्हणजे तीन," आत्या म्हणाली. "इंजेक्शनच्या वेळीही असंच करायचास. अर्धंच टोचा म्हणायचास."

सचिवांची बायको एकदम हसत सुटली. "दर चतुर्थीला मी उपाशीपोटी चंद्राची वाट बघते, तेव्हा हे म्हणतात, ढगात काय बघतेस, जेवून घे. आज चहासाठी स्वतः तारे शोधताहेत!" दुसरा तारा तिनेच शोधला. तिसऱ्यावर खूप वाद झाला. खजिनदार म्हणत होते दिसतो, सचिव म्हणत होते मोतीबिंदू दिसतो. आणि मग तो दिसला, सगळ्यांना एकदम, पूर्वेला, लहानसा. गच्चीवर पाच मराठी माणसं ओरडली, जणू मॅच जिंकली. शेजारच्या गच्चीवरून कोणी विचारलं, "कई हुयो, भिया?" सचिव ओरडले, "तीसरा निकल गया!"

खाली आत्याने वेणीसारखी पिळलेली मेणबत्ती लावली, शब्बाथला निरोप दिला, लवंग आणि जायफळाची डबी सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. आठवडा गोड जावा म्हणून सुवास घ्यायचा असतो. खजिनदारांनी दोनदा घेतला. मग चहा.

"तर," पहिला घोट घेऊन सचिव म्हणाले, "आमची चतुर्थी तसा तुमचा शनिवार. म्हणजे सारखंच आहे की. मग हॉल द्यायला हरकत नाही."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. झालं होतं काम. आणि मला राहवलं नाही.

"सारखं आहे म्हणून देताय?" मी म्हणाले. "नसतं तर? आमच्यात तारे नसते, काही नसतं, तुमच्याशी एक गोष्ट जुळत नसती, तर आत्या पायरीवरूनच परत?"

कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. मला वाटलं, घालवलं सगळं. आत्या माझ्याकडे बघत होती. मग ती सचिवांकडे वळली.

"पोरगी भांडखोर आहे, पण बरोबर बोलते. मला एवढंच सांग बाळा. बाहेरची म्हणून देतोस का घरची म्हणून? बाहेरची म्हणून देत असशील तर नको. मी ठाण्याला जाईन, देवाची माफी मागेन."

हे बोलताना तिने पायरीवर केला होता तसाच पदर नीट केला. तेव्हा मला समजलं की पायरीवरचं ते 'बरं' तिला किती जड गेलं होतं. मी पत्रकं वाटत होते, आणि ती तो शब्द घेऊन झोपत होती.

सचिव खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "खरं सांगू काकू? तुमच्यात काय करतात हे मला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. विचारण्यापेक्षा नाही म्हणणं सोपं पडलं." त्यांनी खिशातून जुडगा काढला, हॉलची किल्ली नखाने ओढून वेगळी केली आणि आत्याच्या हातात ठेवली. "घरची म्हणून. आणि त्या सोमवारी पायरीवर बोललो ते परत घेतो. हे पुढच्या सभेत सगळ्यांसमोर म्हणेन."

म्हणालेही. मी हजर होते. दोनदा म्हणायला लावलं.

मलिदा माघातल्या रविवारी झाला. आदल्या दिवशी तारे निघाल्यावर पाहुणे ठाण्याहून निघाले आणि सकाळी पोचले, एक काका गाणी म्हणणारे, मावश्या मेंदी घेऊन. हॉलमध्ये मधल्या खांबापाशी परात मांडली. पोहे आमच्या नेहमीच्या पोहेवाल्याकडून आणले होते. इथले पोहे, म्हणजे त्या बाबतीत ठाण्याने तोंड उघडू नये. काकांनी एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं आणि हॉल गाऊ लागला. आत्या आमच्या मराठी कीर्तनातलं एक पद म्हणाली, आमच्या पूर्वजांसाठी समुद्र दुभंगतो ते, आणि पेटीवर साथ केली सचिवांच्या बायकोने.

तेवढ्यात मागून खजिनदार आले. हातात शेवेचं पाकीट आणि जिरावनची, म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याची, डबी. पोहे दिसले की माळव्यातला माणूस दुसरं काय करणार? चिमूट उचलली, परातीवर हात नेला.

ठाण्याच्या मावश्या किंचाळल्या. मी मनगट पकडलं.

"पोह्यावर शेव नाही?" ते दुखावून म्हणाले. "कोरडे कसे खाणार बिचारे?"

"आधी बराखा," आत्या शांतपणे म्हणाली. "मग स्वतःच्या ताटलीत शेव काय, फटाके टाका."

त्यांनी वाट बघितली. फळांची बराखा झाली, सुवासाची झाली, ते डबी छातीशी धरून 'आमेन' म्हणत राहिले, सगळ्यांत मोठ्याने. मग आपल्या ताटलीत गोड मलिद्यावर शेव आणि जिरावन. ठाण्याच्या काकांनी शहारून पाहिलं. मग एक घास मागितला. मग ताटली. परत जाताना त्यांच्या बॅगेत जिरावनची तीन पाकिटं होती, आणि आता ठाण्यात, माझी बहीण सांगते, ह्यावरून घराघरात वाद आहेत. धारचा विजय असो.

आणि आत्या? आत्या परात घेऊन उठली. हळदीकुंकवाला विचारणाऱ्या सगळ्या आल्या होत्या, तिने एकेकीला आग्रहाने बोलावलं होतं. ती एकेकीसमोर थांबली, आपल्या हाताने घास भरवला आणि प्रत्येकीला तेच म्हणाली, "घे गे, जमलं!" तिसरी, ती 'एवढेसे तर आहात' वाली, खाता खाता रडली. मग आत्याने तिला दुसरा घास दिला. "हो गे, एवढेसेच आहोत. म्हणून तर तुम्हा सगळ्यांना बोलवावं लागतं."

नवस फिटला. हॉलच्या मधल्या खांबाला आता कोणीतरी गुलाबाची पाकळी चिकटवून ठेवते. मंडळ म्हणतं, आम्ही नाही.

आता तुम्ही. हो, हे वाचताय ते तुम्हीच. तुमच्या गावातही एक हॉल आहे, आणि त्याची किल्ली कोणाच्या तरी खिशात आहे. ती कोणाला नाकारली गेली, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर उद्या सकाळी जाऊन विचारा, लाज वाटली तरी विचारा. नाव कळलं की तुमच्या सचिवांच्या दारात उभे राहा, आणि तुमच्या गावच्या त्या आत्याच्या हातात किल्ली पडेपर्यंत हलू नका. ती घरची म्हणूनच पडली पाहिजे. त्याहून कमी असेल तर घेऊ नका.